चौथ्या रिळाचं झाकण

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या चित्रपटगृहाचे व्यवस्थापक. आजचे सत्कारमूर्ती, छत्तीस वर्षं तुमच्या पाठीमागच्या खोलीत उभे राहिलेले ऑपरेटर, म्हणजे माझे सख्खे मामा. व्यासपीठावरील पाहुणे, आणि पडदा कोरा असूनही वेळेवर आलेले प्रेक्षकहो,

घरी मी 'अरे मामा' म्हणते. आज ते खुर्चीत आहेत आणि मी उभी आहे, म्हणून अहो-जाहो. हसू नका हो मामा.

सुरुवात एका दुरुस्तीने करते. आपल्या हातातल्या स्मरणिकेत, पान नऊवर माझा लेख आहे. लहानपणी इथे पाहिलेल्या एका भयपटाच्या दिग्दर्शकाने कथेचा क्रम मुद्दाम उलटवला होता, असं मी त्यात लिहिलंय. ते चूक आहे. दिग्दर्शकाने तसलं काही केलं नव्हतं. केलं ते आजच्या सत्कारमूर्तींनी, आणि तेही नकळत. स्मरणिका छापून आली, मामांनी लेख वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन पानं कौतुक केलंस गं त्याचं. ती माझी चूक होती." मी विचारलं, सभेत सांगू का? म्हणाले, "सांग की. निवृत्त माणसाला आता कोण नोटीस देणार?"

माझं पहिलं शिक्षण याच इमारतीत, घरच्यांच्या हाताखाली झालं. आई तिकीट खिडकीवर, मामा यंत्राच्या खोलीत. बेरीज आईने खुर्च्यांच्या रांगांवर शिकवली, आकडे मामांनी रिळांच्या डब्यांवर. तेव्हा एक चित्रपट दहा-बारा डब्यांत यायचा आणि प्रत्येकाच्या झाकणावर क्रमांक असायचा. त्या शुक्रवारी आधीच्या गावाहून डबे आले ते चार आणि पाचच्या झाकणांची अदलाबदल होऊन. मामांनी झाकण वाचलं आणि रीळ चढवलं.

चित्रपट अगदी गरीब. एक घर, पाच नट, आणि भूत म्हणजे तोंडाला पीठ फासलेली थोरली सून. चौथ्या रिळात ती मरते, पाचव्यात घरचे तिच्यामागे सावरतात. आम्हाला पाचवं आधी दिसलं. तिचे कपडे पेटीत भरले जातायत, धाकटी जाऊ रडतेय. ही गेली कधी, म्हणून हॉलमध्ये कुजबुज. मग चौथं रीळ लागलं. दार उघडलं. थोरली सून भाजीची पिशवी घेऊन आत आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "जेवलात का सगळे?" सासू म्हणाली, "तुझीच वाट बघत होतो."

मूळ चित्रपटात हा साधा घरगुती प्रसंग होता. पण तीनशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. पुढच्या रांगेतून एक गृहस्थ ओरडले, "अहो आजी, तिला ताट देऊ नका!" कोणी हसलं नाही. मी नऊ वर्षांची होते. आईचा पदर दातात धरला होता. पुढे पीठवालं भूत आलं तेव्हा मात्र लोक पोट धरून हसले.

संध्याकाळच्या खेळाला मामांनी रिळं नीट लावली. हॉल जांभया देत बसला. अध्यक्षमहोदय, तेव्हा आपण धापा टाकत वर गेलात, आठवतं? मान हलवताय, म्हणजे आठवतं. आपण म्हणालात, "दुपारी किंचाळत होते, आता झोपलेत. केलंत काय?" मामांनी खरं ते सांगितलं. आपण म्हणालात, "मग तीच चूक परत करा ना!" मामा म्हणाले, "साहेब, चूक एकदाच होते. दुसऱ्यांदा केली की लबाडी." गुरुवारी चित्रपट उतरला. तेव्हापासून मामा झाकणावर विश्वास ठेवत नाहीत. रीळ उलगडून, पट्टी उजेडात धरून बघायचे.

आता प्रश्न असा, की मला ज्याने भयपटांचं वेड लावलं ते कुणाचंच कर्तृत्व नव्हतं, तर मी इतकी वर्षं प्रेम कशावर केलं? या आठवड्यात मी यावर पुष्कळ विचार केला. झोपही थोडी गेली. मला वाटतं, ते हॉलवर होतं. फोनवर तोच घोळ झाला असता तर आपण काय केलं असतं? बोटाने मागे नेऊन पाहिलं असतं आणि शंका मिटवली असती. हॉलमध्ये मागे नेता येत नाही. गरीब चित्रपटाकडे दाखवायला फार काही नसतं. जे दिसत नाही ते शेजारचा माणूस पुरवतो. आई तिच्या खिडकीतला हिशेब सांगते: "घाबरायला एकटं कोणी येत नाही गं. या चित्रपटांची तिकिटं दोन-दोनच जातात."

हे मी आज का सांगतेय? मीही एक भयपट केलाय. अठ्ठ्याहत्तर मिनिटं, दोन खोल्या, तीन माणसं, त्यातली एक माझी वहिनी. एक कंपनी तो थेट लोकांच्या फोनवर द्यायला तयार आहे. अट एकच: कुठल्याही चित्रपटगृहात लावायचा नाही. अध्यक्षांनी इथला दुपारचा खेळ आठवडाभर देऊ केलाय. कंपनीला होकाराचं पत्र मी तीनदा लिहिलं, तीनदा ठेवून दिलं. भीती एकच, लोक हसतील. पीठवाल्या भुताला हसले तसे.

मामांना चित्रपट दाखवला. म्हणाले, "भूत बरं आहे. तू बोलतेस फार. हॉलमध्ये लाव. हसले तर कुठे हसले ते तरी कळेल. फोनवर कोण कुठे हसलं, तुला कोण सांगणार?"

मागून आई हात करतेय, म्हणजे वेळ संपली. मामांनी छत्तीस वर्षांत इथला एकही चित्रपट खुर्चीत बसून पाहिलेला नाही. मामा, बावीस तारखेला, शुक्रवारी, तीनच्या खेळाला तुमची जागा मधल्या रांगेत आहे, शेजारची माझी. सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा या बोलण्यातही एखादं झाकण चुकलं असेल, तर पदरात घ्या आणि मला येऊन सांगा, मी दुरुस्ती करीन. कंपनीला नकाराचं पत्र मात्र लिहून झालंय. ते मी पाठवणार आहे परवा, सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी साडेदहाला, आई खिडकी उघडते तेव्हा.