इसाराच्या बदल्यात दरवाजा

"आजारी माणसाचा इसार बुडवता येते का गा?" मी भेटेल त्याला विचारलं. दादानं नंदनवन वस्तीत घर घ्यायला इसार दिला होता, पण तो रामदासपेठेच्या दवाखान्यात पडला आणि खरेदीची तारीख टळली. घरमालक म्हणाला, "इसार जप्त."

मी रागात त्या रिकाम्या घराचा दरवाजाच काढला आणि सायकलरिक्षावर टाकून दवाखान्यात नेला. दादा खोकला येईपर्यंत हसला.

"हे काहून आणलं गा?"

"तुह्या इसारात आलं."

"तारीख टळली तर इसार जाते, ह्या कागदावर सही मीच केली होती ना? जा, लावून दे. त्याच्या घरात कुत्रे शिरतीन."

दादा संध्याकाळी गेला. त्याआधी मी त्याच्यासाठी शेवटचं काम केलं ते हेच: दरवाजा परत बसवला आणि कडी लावली.