शेजारचा तारा

सर — प्रबंध छातीशी काय धरलायस, तान्हं बाळ आहे का ते? ठेव इथं. सही करतो.

विद्यार्थिनी — आधी एक आलेख बघा.

सर — आठ वर्षं तुझे आलेखच बघतोय. पेन दे.

विद्यार्थिनी — हा आपल्या सर्पिल दीर्घिकेचा नाही. तिच्या शेजारच्या ताऱ्याचा आहे. ज्याच्याशी तुलना करून आपण तिच्या गाभ्याचा उजेड मोजतो, तो.

सर — तो तर सरळमार्गी. कधी कमी नाही, जास्त नाही.

विद्यार्थिनी — नव्या कॅमेऱ्याच्या चौकटीत आजूबाजूचे आणखी नऊ तारे मावतात. त्यांच्याशी ताडून पाहिला. नऊही स्थिर, हा एकटाच लबाड. दर एक्केचाळीस दिवसांनी मंदावतो, मग पूर्ववत.

सर — नवा कॅमेरा आणि नवी सून, पहिलं वर्ष दोघांचंही बोलणं मनावर घेऊ नये.

विद्यार्थिनी — तीनदा तपासलंय. हा मंदावला की आपण लिहायचो, गाभा उजळला, मधलं कृष्णविवर जास्त वायू गिळतंय. ते नेहमीएवढंच गिळत होतं. आपण शेजाऱ्याच्या कपाळाला हात लावून हिचा ताप सांगत होतो.

सर — गाभा सक्रिय आहे ना पण?

विद्यार्थिनी — आहे. वर्णपटात स्पष्ट दिसतो. पण एक्केचाळीस दिवसांचा ठोका त्याचा नाही, आणि माझा प्रबंध त्या ठोक्यावरच उभा आहे.

सर — पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय ना तुला? नवऱ्यानं तिकडे घर बघितलं, पोरीचं नाव शाळेत घातलं. प्रबंध नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर नोकरी नाही. आणखी तीन वर्षं बसशील इथं?

विद्यार्थिनी — आणि हे असंच घेऊन गेले तर? तिथल्या विभागप्रमुख बाई तुमच्याच पहिल्या विद्यार्थिनी. त्यांचा प्रबंधही ह्याच गाभ्यावर, ह्याच ताऱ्याच्या भरवशावर. त्यांना निदान आपण सांगायला हवं, तिसऱ्या कुणी दाखवून देण्याआधी.

सर — तिला सांगायची गरज नाही.

विद्यार्थिनी — का?

(सर चष्मा काढून पुसत राहतात.)

सर — मला तिनंच सांगितलं. अकरा वर्षं झाली. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत, त्या जुन्या काचा उपसून तिनं तो तारा मोजला होता. तू बसलीयस त्याच खुर्चीत बसली होती.

विद्यार्थिनी — म्हणजे मी आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आणि तरी मला हाच तारा दिलात.

सर — सात शोधनिबंध छापून झाले होते गं. एक मागे घ्यावा, तर बाकीचे सहा त्याच्या मागोमाग उसवले असते. वाटलं, एखाद्या वर्षी गाभा खरंच उजळेल, आणि सगळंच झाकलं जाईल. खरं सांगतो, रोज वाट बघितली.

विद्यार्थिनी — त्यांना काय म्हणालात तेव्हा?

सर — काय म्हणणार? म्हटलं, आधी दार लाव, मग बोलू.

विद्यार्थिनी — मी आत येतानाच लावलंय, सर.