पांढरी कांडी

गोपिका : हिरवी कांडी न? हिरवी म्हणजे पोटाचे रोग! कॉलऱ्याचा व्हिब्रिओ, टायफाइडचा साल्मोनेला, रक्ताच्या आवेचा शिगेला, अन् साध्या आवेचा अमीबा. सारे पाण्यातून, माश्यांतून, न धुतलेल्या हातांतून. झालं! पुढची काढ आत्या, लवकर काढ, उद्या दहा वाजता तोंडी परीक्षा आहे अन् मले अजून अर्धं शरीर बाकी आहे.

जनाबाई : श्वास तं घे वं पोट्टे. हिरव्या दोऱ्याचे बारा धागे टाकल्याबिगर मी पुढच्या रंगाची कांडी कशी काढू? मागावर चौकड्याचं लुगडं हाये हे. तुह्या परीक्षेच्या घाईनं चौकडा वाकडा होईन.

गोपिका : बरं, टाक बारा. मी मोजते.

जनाबाई : टायफाइड म्हंजे मोतीझिराच न?

गोपिका : तोच.

जनाबाई : माहा भाऊ लहानू त्याच्यातच गेला. मायनं एकवीस दिवस देवीपुढे दिवा लावला, अन् पानी त्याच विहिरीचं पाजलं. का नाव सांगतलं त्या जंतूचं?

गोपिका : साल्मोनेला टायफी.

जनाबाई : हं. इतक्या वर्षांनी नाव तं समजलं. घे, जांभळी.

गोपिका : जांभळी, मेंदू अन् नसा! मेनिंगोकॉकस, मान लाकडासारखी ताठ होते. टिटॅनस म्हणजे धनुर्वात, मातीतून, गंजक्या खिळ्यातून, अन् कोणी शेणमातीनं नाळ बांधली तं त्याच्यातूनही. पोलिओ, पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज... बरोबर आहे न?

जनाबाई : मले का माहीत बरोबर हाये का नाई? मी रंग दाखोते, तू बोलते. अडखळली तं मले समजते, तेवढंच.

गोपिका : म्हणूनच तं तुले बसवलं. होस्टेलच्या पोरींसोबत बसली तं त्या पुस्तकात पाहून सांगतात, मग माझं पाठ होतच नाही. या रंगांनी कसं डोक्यात बसते! मी उद्या सरांपुढे डोळे मिटून तुझी कांड्यांची टोपलीच पाहणार आहे. जांभळ्याचे किती झाले?

जनाबाई : सहा. तुह्या सरले सांगजो, आमच्या आत्यानं शिकवलं म्हनून. अंगठा मारते ती, पन सारे रोग येतेत तिले... (खोकते.)

गोपिका : पाणी देऊ?

जनाबाई : नोको. राख हाये. माह्या पोराच्या, ताराच्या कपड्यातनं येते. दोन साल झाले त्याले कोराडीच्या बिजलीघरात लागून, सारा कोळसा आमच्या घरात आनून टाकते. लाल घे.

गोपिका : लाल म्हणजे रक्त. मलेरिया, डासातून. फायलेरिया, तोही डासातून, हत्तीपाय. हे दोन सर विचारतातच, कारण दोन्हींत डास आहे पण डास वेगळा आहे, अन् पोट्टे तिथंच फसतात. मी नाही फसत!

जनाबाई : आपल्या यमुताईचा पाय.

गोपिका : हो, तोच. काळी काढ.

जनाबाई : काया रंग कातडीचा, मले पाठ झालं. खरूज, नायटा, गळू अन् महारोग.

गोपिका : वा! आत्या, तूच जा उद्या.

जनाबाई : जाईन. लुगडं कोन विनीन पन? ताराचंद पवनीहून सुनेले घेऊन येऊन राहिला, दहाच्या बसनं निघाले असतीन. ते यायच्या आत मले हा चौकडा पुरा करायचा हाये. पयल्यांदा मागावर बसनार पोरगी, अर्धा चौकडा तिच्या हातात कसा देऊ?

गोपिका : आजच बसवतेस तिले? अजून हळदीचा वास नाही गेला तिच्या अंगाचा, लग्नाले पंधरा दिवस झाले!

जनाबाई : रीत हाये आपली. माहेरून परत आली का त्याच दिशी सासूनं आपला कांडीचा धोटा सुनेच्या हातात द्याचा. सासूनं दोरा ओढून द्याचा, मग सुनेनं ओढाचा. माह्या सासूनं मले असाच देला. हाच धोटा. पाह्य, लोखंडाची टोकं झिजली पन लाकूड कसं हाये. घे, पांढरी. पांढरी लय हाये या लुगड्यात, आता सावकाश बोल.

गोपिका : पांढरी म्हणजे छाती. हे मले सगळ्यात चांगलं येते. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस. घटसर्प. डांग्या खोकला. अन् टीबी, मायकोबॅक्टेरियम, याले लावलेला रंग लवकर निघत नाही, त्याले ॲसिडनं धुतलं तरी लालच्या लाल राहते, म्हणून काचेवर ओळखू येते. खोकला तीन-चार आठवड्यांच्या वर, संध्याकाळचा ताप, भूक मरते, वजन उतरते, झोपेत घाम येते. पसरते खोकल्यातून, थुंकीतून, एका खोलीत...

जनाबाई : अडखळली.

गोपिका : आत्या, आता तू काय केलं?

जनाबाई : काय केलं? कांडी बदलली.

गोपिका : दोरा कसा काढला बाहेर?

जनाबाई : धोट्याच्या भोकाले तोंड लावलं अन् ओढला. नाकानं ओढू का? उमरेडले तुहा बाप कसा ओढते? तू नाई ओढला काय? इथंच बसून शिकली तू, याच धोट्यावर.

गोपिका : दिवसातून किती वेळा ओढते?

जनाबाई : चौकडा विनताना मोजते का कोनी? पन्नास, साठ.

गोपिका : खोकला कधीपासून आहे?

जनाबाई : सांगतलं न, राख हाये.

गोपिका : राख ताराभाऊच्या कपड्यातून येते तं ताराभाऊ काहून नाही खोकत? तो तं राखेत उभा राहते आठ-आठ तास.

जनाबाई : जवान हाये तो.

गोपिका : पोळ्याच्या आधीपासून आहे खोकला. मी इथं राहाले आली तेव्हाही होता. आता दिवाळी झाली. संध्याकाळी तू चुलीजवळ जाऊन बसते, मी म्हणत होती थंडी वाजत असंन. तुझं पोलकं मीच दोनदा आत घेतलं शिवणीत. दोनदा, आत्या! मी रोज वॉर्डात दुसऱ्यांच्या छातीले नळी लावून ऐकते अन् घरी येऊन तुझं पोलकं आत घेते!

जनाबाई : मग चांगलं शिवलं तू. ढिलं होते.

गोपिका : थुंकीत लाल येते?

जनाबाई : पान खाते मी.

गोपिका : पान सोडून तुले दोन वर्षं झाली.

(माग थांबतो.)

जनाबाई : ...एक डाव आलं होतं. दोऱ्याले लागलं, पांढऱ्याले. मी तो हातभर दोरा तोडून टाकला. लुगड्यात नाई जाऊ देला.

गोपिका : मामाजी कशानं गेले?

जनाबाई : दम्यानं. अख्ख्या मोहल्ल्याले माहीत हाये माहे मालक गणपतराव दम्यानं गेले म्हनून.

गोपिका : अन् तुझी सासू?

जनाबाई : म्हातारी होती. खोकत होती म्हातारे खोकतेत तशी.

गोपिका : सासू या धोट्यावर. मग मामाजी. मग तू.

जनाबाई : तुह्या पुस्तकात धोटा लिहिला हाये का?

गोपिका : ...नाही.

जनाबाई : मग?

गोपिका : पुस्तकात खोकला लिहिला आहे. बंद खोली लिहिली आहे. जास्ती करून तो हवेतूनच जाते, हे खरं आहे, उद्या सरांनी विचारलं तं मी हवाच सांगीन. पुस्तक लिहिणारे मागावर बसले नाहीत आत्या! त्यांना काय माहीत कोणी ओल्या भोकाले दिवसातून साठ वेळा तोंड लावते, अन् तेच मग सुनेच्या तोंडाले देते? या एवढ्या खोलीत, खिडकी बंद, दोरा कोरडा पडू नये म्हणून?

जनाबाई : खिडकी उघडली तं तार तुटते.

गोपिका : तुटू दे!

जनाबाई : हळू बोल. भिंतीपलीकडे जिजाबाई बसली हाये.

गोपिका : उद्या चल माझ्यासोबत मेडिकलच्या दवाखान्यात. परीक्षेच्या आधी मी तुले नेते, सकाळची थुंकी द्यायची डबीत, एक फोटो काढायचा छातीचा. बाकी काही नाही. अन् निघालाच तं औषध आहे, आता लोक मरत नाहीत त्याच्यानं. सुया आहेत, गोळ्या आहेत, दीड वर्ष.

जनाबाई : दीड वर्ष रोज त्या रांगेत उभी राहू? त्या रांगेले आपली सारी इतवारी ओळखते. दोन दिवसांत पवनीले जाईन गोष्ट. सुनेचा बाप रुपराव कसा हाये ठाऊक हाये न तुले? बैलाचे दात पाहतात तसे आमच्या घराचे दात पाहून पोरगी देली त्यानं. परत घेऊन जाईन.

गोपिका : अन् नेली नाही, इथंच राहिली, अन् दोन वर्षांनी ती चुलीजवळ जाऊन बसाले लागली तं? तेव्हा रुपरावले काय सांगशील? कोराडीची राख?

जनाबाई : लय शिकली तू.

गोपिका : तूच शिकवलं. माझी फी या मागातून निघाली, मले का माहीत नाही?

जनाबाई : ते नोको काढू.

गोपिका : नाही काढत. चलशील का नाही, ते सांग.

जनाबाई : ...सून लय बारीक हाये वं. लग्नात हाती घेतला तिचा हात तं चिमणीसारखा.

गोपिका : आत्या.

जनाबाई : धोटा उकळला तं?

गोपिका : लाकूड फाटीन. अन् उकळून पुन्हा तू तोंड लावशील, मग ती लावीन. तोंड लावायचंच नाही. थांब, हा माझ्या केसातला आकडा घे. टोक असं वाकवलं... आता भोकातून घाल, दोऱ्यात अडकव, ओढ.

जनाबाई : सुटला.

गोपिका : पुन्हा.

जनाबाई : एवढ्या वेळात माह्या सासूनं चौकडा पुरा केला असता.

गोपिका : तिचं नाव नको घेऊ आता. ओढ.

जनाबाई : ...निघाला. पेटीत वरच्या कप्प्यात पाह्य बरं. गणपतरावांनी एक नवा धोटा आनला होता, शिसमाचा. कोनी वापरलाच नाई. जुन्याच धोट्यावर हात बसला होता साऱ्यांचा.

गोपिका : हा?

जनाबाई : तोच. अन् माहा हा जुना तिकडे चुलीमागे ठेव. नाई, थांब. चुलीत घाल.

गोपिका : चुलीत?

जनाबाई : सांगून राहिली न. मी पाहत नाई तिकडे, जा. अन् खिडकी उघड जाता जाता.

गोपिका : तार तुटीन.

जनाबाई : जोडीन मी. रिक्षाची घंटी वाजली का दारात? आले वाटते. तोंड पुस वं, रडली का काय? अडीचशे रोग पाठ केलेली डॉक्टरीन हाये तू.

सुभद्रा : आई, नमस्कार करते.

जनाबाई : लांबूनच कर मायबाई, हात सुताचे हायेत माहे. ताराचंद कुठी गेला?

सुभद्रा : रिक्षातून पेटी काढून राहिले. घरात काई जळून राहिलं का?

गोपिका : जुनं लाकूड आहे वहिनी. चहा ठेवते तुम्हाले.

जनाबाई : चहा मग. आधी मागावर बस पोरी, तुह्यासाठी अर्धा चौकडा ठेवला. खिडकीकडच्या बाजूनं बस. अन् उद्या सकाळपासून माग तुह्याच हाती हाये, मी गोपिकासंगं मेडिकलले जाऊन राहिली. तिची परीक्षा हाये, एकटी जाले भेते.

गोपिका : हो वहिनी. मी लय भेते.

सुभद्रा : धोटा तं कोरा दिसते. आई, मले वाटलं तुमी तुमचा देसान. आमच्या पवनीले सासूचाच देतेत, अन् पयला दोरा सासू तोंडानं ओढून देते.

जनाबाई : देत असतीन पवनीले. आमच्या घरी पयलेपासून सुनेले नवा धोटा देतेत, अन् दोरा आकड्यानं ओढतेत.

सुभद्रा : असं व्हय? मले नाई येत आकड्यानं.

जनाबाई : मलेही येत नव्हतं. घे, पांढरी.