राखणदाराच्या जोडीला

—नाही हो, वांदरच असणार, दुसरं कोण येतंय इथे कॅमेऱ्याची वायर ओढायला? तुम्ही शिडी जरा त्या खांबाकडे सरकवा, तिथली जमीन घट्ट आहे. हां, चढा आता. कुडाळहून एवढ्या उन्हात आलात, कोकमाचं सरबत करतेय, नको म्हणू नका. तर काय सांगत होते — तुमच्या त्या कॅमेऱ्याचं मला आधीपासूनच कौतुक कमी. विराजने, माझ्या मुलाने, पुण्यात बसून तो लावून घेतला, तेव्हाच मी विचारलं, अरे, या घराला राखणदार आहे ना? — तुम्हाला ठाऊक नाही? हां, तुम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, म्हणून तर मी मघापासून एवढं शुद्ध बोलतेय. तो फणसाखालचा दगड दिसतो? तो आमचा राखणदार. जागेचा मूळ मालक तो, आम्ही आपले त्याच्या मर्जीने राहतो. आवारात काही नवीन आलं — गाय म्हणा, पंप म्हणा, सून म्हणा — की आधी त्याच्या कानावर घालायचं. गाऱ्हाणं घालणं म्हणतात त्याला.

मग कॅमेऱ्याचंही घातलं की! हसू नका, शिडी हलते. नारळ ठेवला, विडी ठेवली — ओढतो तो — आणि म्हटलं, बा देवा म्हाराजा, आज ह्या घराक कॅमेरो लायलो हा, तो तुझ्या जोडीक आसा, तुझ्या जाग्यार न्हय, तेव्हा राग मानू नको रे म्हाराजा! आता गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने दर वाक्याला म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. एकट्याने घालून चालत नाही. आमचे हे होते तोवर हे म्हणायचे. आणि गंमत सांगू? यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता! हायस्कुलात शास्त्र शिकवायचे ना. संध्याकाळी या खळ्यात, अंगणात हो, बसलं की आमच्या गजाली त्याच — देव आहे का, नसला तर माणूस चांगला का वागतो, मेल्यावर काय उरतं. लोकांच्या घरी बांगड्याचा भाव, आमच्या घरी विश्वाची उत्पत्ती, आणि विराज मधे बसून दोन्हीकडून काड्या घालणार. एकदा मी यांना पकडलंच. म्हटलं, दगडात कोणी नाही म्हणता, मग एवढं मनापासून व्हय म्हाराजा म्हणता ते कोणाला? तर म्हणाले, 'तुका म्हणतंय गो विमला. तू इतक्या जीव लावून बोलतंस, कोणी हुंकार भरूक नको?' — बघा आता. सबंध संसारात एवढंच काय ते गोड बोलले, तेही वादात हरल्यावर.

कॅमेऱ्याच्या वेळी हे नव्हते, म्हणून शेजारच्या गणपतला बोलावलं. तिथे चुकलंच माझं. त्याने व्हय म्हाराजा म्हणता म्हणता कॅमेरा कुठवर बघतो ते हेरून ठेवलं! आजवर या माणसाने आमच्या पडलेल्या नारळाला कधी पाय लावला नव्हता, राखणदाराच्या भयाने. आणि आता? विहिरीमागचे नारळ झाडावरून खाली येतात ते थेट त्याच्या घरी. त्याचं गणित सरळ — जुना राखणदार निवृत्त झाला, आणि नव्याला विहिरीमागचं दिसत नाही. समोरून जाताना मात्र केस विंचरून जातो, कॅमेऱ्याला हात करतो! माझी नात, विराजची ओवी, अकरावीला आहे, तिला सांगितलं तर म्हणते, आजी, इलेक्ट्रॉनचंपण असंच असतं, कोणी बघायला लागलं की तो वेगळा वागतो. म्हटलं, मग त्याच्याही मागे एखादी विहीर असणार बाई. पण प्रश्न खरा आहे की नाही? बघणारं कोणी नसलं तर माणूस चांगला वागेल? हे असते तर यावर जेवण गार झालं असतं आमचं.

—काय, सापडलं? कुरतडलेली नाही वायर? नीट बघा हो, वांदर काय नुसतं चावतंच असं नाही. — प्लग काढलाय? गुंडाळी करून, वर रबर लावून ठेवलीय? ...शिकलेलं वांदर असेल. — बरं, बरं, हसा. मीच काढला. लावा परत, लावा, पण विराजला सांगू नका. आधी माझं ऐकून घ्या.

कॅमेरा नव्हता तेव्हा विराजचा फोन यायचा. सुरुवात ठरलेली — 'आई, आज येक प्रश्न आसा.' एकदा म्हणे, यंत्राला मन असतं का. एकदा म्हणे, गावातली माणसं सगळी शहरात गेली तर गाव म्हणून काय उरतं — मी म्हटलं, मी उरते, बोल पुढे! कढी उतू जायची, पण आम्ही काही आटपत नव्हतो. कॅमेरा आला आणि ते गेलं. आता काय, 'बघतंय गो तुका, बरी दिसतंस.' संपलं! — मी करते की फोन, मी का नाही करणार? मीटिंगमध्ये असतो. त्याची काळजी खोटी नाही हो. गेल्या पावसात मी खळ्यात घसरून पडले, तेव्हापासून त्याने धसकाच घेतलाय. पण दिसणं आणि विचारणं एकच का? आई उठली, तुळशीला पाणी घातलं, आई पडलेली नाही — एवढं त्याला दिसतं. आईच्या डोक्यात काय चाललंय ते कुठल्या कॅमेऱ्यात दिसणार? मग एकदा वीज गेली, कॅमेरा बंद पडला, आणि लगेच फोन! 'आई, बरी आसंस मां?' घाबरला होता. पण मग बोललो आम्ही, अगदी पोटभर, मरणावर बोललो आणि हसून हसून माझे डोळे पुसायची वेळ आली. झालं, मला युक्तीच सापडली. फार वाटलं की प्लग काढायचा. त्याचा जीव वरखाली होतो, कळतं मला. शोभत नाही या वयात. पण यांच्यामागे माझ्याशी वाद घालणारं तो सोडून आहे कोण? मला करमत नाही हो त्याच्याशिवाय. आता त्यालाही संशय आला असणार, म्हणून या खेपेला फोन न करता तुम्हाला पाठवलं. तर तुम्ही आपलं सांगा, पार्ट मिळत नाही, मुंबईहून यायला वेळ—

काय? आवाज? या एवढ्याशा डबीत ऐकूपण येतं? आणि तिकडून बोलता येतं? — म्हणजे मी रोज इथे बसून भाजी चिरताना यांच्याशी भांडते, सुनेला नावं ठेवते, ते सगळं — आणि तो एवढे दिवस ऐकत असेल तर एका शब्दाने बोलला का नाही? — आणि तो हिरवा दिवा कसला? तिकडे कोणी बघत असलं तरच पेटतो? मग आता कसा पेटलाय... कधीपासून? प्लग लावलात तेव्हापासून? — अहो, मग मला थांबवायचं नाही का!

उतरा तुम्ही. उतरा, मी धरते शिडी. नाही, पार्टबिर्ट काही सांगायचं नाही, राहू दे चालू. सरबत ओटीवर आहे, तिकडे बसून प्या आणि निघा. जा म्हटलं ना बाबा, आमचं घरचं बोलणं आहे.

...विराज? ऐकलंस मां सगळा? — रागावलंस काय रे? ...माका हयसून कायच दिसणा नाय. बोल मां रे कायतरी.