बिनतेलाच्या फळ्या

मी मोताळ्याकडची, सुमन माहं नाव. नवरा दिगंबर सेंट्रिंगवाला, म्हनजे काँक्रीट ओताच्या आधी फळ्यांचा साचा ठोकतात ना, ते काम, अन् मी त्या फळ्यांले आतून तेल लावो. तेल नाई लावलं त फळी काँक्रीटले धरते, काढतानी भिंतीचं सालपट घेऊन येते. लगन झाल्यापासून हेच केलं.

मंग मलकापूरजवळ बिशपसायबाच्या मोठ्या चर्चचं काम निघालं, कॅथेड्रल म्हनत त्याले, काय सांगू तुम्हाले, सारं उघडं काँक्रीट, ना प्लास्टर ना रंग, लाकडाची रेघ न् रेघ भिंतीत उमटे, दिगंबर हात फिरवून फिरवून पाहे. साइटवरचा इंजिनिअर लय घाईचा. एक दिवस म्हने, स्लॅबचे टेकू काढा. दिगंबर म्हने, सायेब, स्लॅब अजून कच्चा हाय. त म्हने, तू शिकवतं काय बे मले? काढले. स्लॅब खाली आला, दिगंबर त्याच्याखाली दबून मेला. अन् त्या इंजिनिअरसायबानं अपघाताच्या कागदावर काय लिहिलं, त मजूर पिऊन होता, त्यानंच टेकू पाडले. ज्यानं जन्मात घोट घेतला नाई त्याले दारुड्या केलं, माह्या पोरीच्या सासरीबी तेच पोचलं.

मी काम सोडलं नाई. बाया म्हनत, काऊन जातं वो तिथंच? वेदीमागची भिंत इंजिनिअरसायबाची लय लाडकी, ते पाहाले बिशपसायेब अन् आर्किटेक्ट येनार होते. त्या भिंतीच्या फळ्या मी कोरड्याच देल्या, एक थेंब तेल नाई. तपासाचं काम सायबाचं, त्यानं न पाहताच सही केली. साऱ्यायसमोर फळ्या ओढल्या त भिंतीची साल निघाली, खडी उघडी पडली. मंग मी पुढं झाली, म्हनलं, म्या केलं, आता इचारा काऊन केलं. टेकूचं सारं सांगतलं. तवा कुठं त्या दिवशी टेकू काढनारे दोन गडीबी बोलले, इतके दिवस मुके होते ते. सायबाले काढलं, केस लागली.

चर्चचे फादर म्हने, भिंत अशीच राहू द्या, पन सुमनबाई, त्याले माफ करा. मी म्हनलं, फादर, तुमचा देव करन, मले नाई जमत.

मांगच्या महिन्यात सायेब घरी आला, हात जोडून म्हने, बाई, लेकरंबाळं हायेत मले, साक्ष देऊ नका. मी त्याले पानी देलं, दारी आलेल्याले देतोच आपन. तो पेईपर्यंत थांबली, अन् म्हनलं, तारखेले या.