शेंदराखालचा आजा

मैनाबाई, मडावी कुटुंबीयहो आणि समस्त ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

मृत्यूपुढे वाणी थिटी पडते, असे पुराण सांगताना मी इतरांना कितीदा ऐकवले. आज ते मलाच अनुभवावे लागते आहे. आपले चैतूभाऊ मडावी गेले. या मंडपात एका बाजूला गोंड मंडळी बसली आहेत, दुसऱ्या बाजूला आम्ही, ज्यांचे आजोबा वैनगंगेपलीकडून येथे आले. मधली वाट रिकामी आहे. ती का रिकामी आहे, हे आपण सारे जाणतो.

आपल्या बोडीच्या तळ्यामागच्या जंगलावर गोंडांच्या टोल्याने, त्या वस्तीने, सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे. परवा त्याची तपासणी. आमच्या लोकांना भीती, की धानाच्या बांध्या, आमची शेते, हातची जातील. टोला येथे आधीपासून आहे, याचा मोठा पुरावा म्हणजे बोडीच्या पाळीवरचा, त्या मातीच्या बांधावरचा, उभा दगड. आणि त्या दगडाची साक्ष चैतूभाऊ देणार होते.

तो दगड आम्हाला मारुती म्हणून ठाऊक. माझ्या वडिलांनी त्याला शेंदूर लावला, मी जन्मभर शनिवारी तेल वाहिले. चैतूभाऊ दूर उभे राहून हात जोडत. एकदा मी त्यांच्या भक्तीची स्तुती केली, तर ते हसले.

“महाराज, थो माह्या आज्याचा दगड आहे. थो मेल्यावर आमच्या लोकायनं उभा केला.”

 मी म्हणालो, “मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?”

“काऊन बोलू? माह्या आज्याले दर शनिवारी फुकटात तेल भेटून राह्यलं!”

मला मात्र हसता आले नाही. श्राद्धात मी पित्याचे, पितामहाचे, प्रपितामहाचे नाव घेतो. नाव चुकले तर तर्पण पोहोचत नाही, असे मानतो. आणि शेजाऱ्याच्या पितामहाचे नाव माझ्याच हाताने शेंदराखाली गेले!

आमच्या घरच्या हस्तलिखित बाडात लिहिले आहे, की आजोबा आले तेव्हा येथे निर्मनुष्य रान होते. ते मी सप्ताहात मोठ्या आवाजात वाचत आलो. चैतूभाऊंनी विचारले, “मानसं नोहते, त पानी कुठी थांबते हे तुमच्या आज्याले कोनं दाखवलं?” त्यांच्या आजोबांनी दाखवले. पण चैतूभाऊ लगेच म्हणाले, “बोडी खोदली तुमच्याच लोकायनं. थेबी सांगा लागते. आमचंच तेवढं सांगान, त थेबी खोटंच.”

आमच्या धर्माचे मूळ श्रुती, म्हणजे ऐकलेले. मी त्या श्रुतीचा अभ्यासक. पण शेजाऱ्याचे ऐकायला मला म्हातारपण यावे लागले.

काल आमच्यापैकीच एका वडीलधाऱ्यांनी मला वाटेत गाठले. “महाराज, मडावी त गेला. आता तुमी नुसतं चूप राहा. खोटं बोला, असं थोडीच म्हणून राह्यलो?”

किती सोपे पाप! बंधूंनो, माझीही बांधी त्याच पाळीखाली आहे. भीती मलाही वाटते. पण ज्याने पाणी दाखवले त्याचे नाव पुसून, तेच पाणी ओंजळीत घेऊन मी माझ्या पितरांना कसे देऊ? ते घेतील?

आज सकाळी मी चैतूभाऊंच्या घरी मैनाबाईंकडे गेलो. म्हणालो, “बाई, तो शेंदूर मी स्वतः खरवडून काढतो.”  त्या म्हणाल्या, “शेंदूर राहू द्या, महाराज. तुमच्या बापानं लावला आहे. नाव तेवढं सांगा.”

नाव जंगू मडावी. आज ते या मंडपात उच्चारले. परवा तपासणीला आलेल्यांपुढे, त्या दगडाजवळ उभा राहून उच्चारीन. बोडी कोणी खोदली, तेही सांगेन. ज्यांना मी नको असेन त्यांनी घरी राहावे. ज्यांना यायचे आहे त्यांनी ही मधली वाट ओलांडून यावे.

आता उभे राहू या. चैतूभाऊंसाठी दोन मिनिटे मौन धरू या. एवढेच मौन मी पाळीन, काल वाटेत मला सांगितलेले नाही.

चैतूभाऊ, तुमच्याच बोलीत नमस्कार: सेवा जोहार.