दोन सिकंदर

मुलाचं नाव सिकंदर ठेवतोयस? आधी चहा पी आणि ऐक. कुवेतजवळच्या फैलका बेटावर गोरे साहेब जुनं ग्रीक शहर उकरत होते, तेव्हा खणायला आम्ही रत्नागिरीकडचे दोघे होतो. एकाच गावचे, आणि दोघेही सिकंदर. साहेब हसायचा, "या नावाचे ग्रीक राजे होते, पंडितही होते. कुठला कोण, आमचाच घोळ होतो."

एका दुपारी दुसरा सिकंदर उन्हात कोसळला, तो उठलाच नाही. त्याच दिवशी मुंबईची बोट सुटत होती. तिने गावी निघालेल्या आमच्या दाऊदचाचांच्या कानावर धक्क्यावर एवढंच पडलं, की फैलकावरचा सिकंदर गेला. गावात जाऊन त्यांनी तेच सांगितलं. "कुणाचा?" म्हणून सगळ्यांनी विचारलं, पण ते काय सांगणार?

पुढची बोट येईपर्यंत माझी आई आणि त्याची आई हलिमाखाला आमच्या ओटीवर एकमेकींचा हात धरून बसायच्या. त्या बोटीने जाणाऱ्या एकाकडे मी निरोप दिला होता. तो अंगणातूनच ओरडला, "चाची, तुझा सिकंदर खुशाल आहे!"

आईने तोंडावर पदर धरला. हलिमाखालांनी हात सोडवून घेतला, "मुबारक" म्हणाल्या आणि घरी गेल्या.

मुलगा गेल्याचं त्यांना वेगळं कुणी सांगितलंच नाही.